लवचिक वेळेत काम संपतच नाही; वरिष्ठांकडे स्पष्ट अभिप्राय कसा मागावा?

मनीषनगरवासी (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधील एका मध्यम आकाराच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करते. आमचे मॅनेजर पुण्यात बसतात आणि ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आहे. कंपनीने मध्यंतरी कामाची वेळ लवचिक केली. कोणी केव्हा यावे, केव्हा जावे आणि घरून किती काम करावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे; काम वेळेवर झाले म्हणजे झाले, असे तेव्हा सांगण्यात आले. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार केला तर ही सोय मोठीच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की मी सकाळी साडेसातलाच ऑफिस गाठते, दुपारी एकच्या आत घरी परतते आणि भर उन्हात वर्धा रोडवर गाडी चालवण्याचा प्रसंग टळतो.

अडचण त्यापुढे सुरू होते. दुपारी कूलरसमोर थोडे आडवे झाले तरी आपण कामाच्या वेळेत आराम करत आहोत अशी टोचणी लागते. त्यामुळे लॅपटॉप शेजारी उघडाच राहतो आणि चॅटवरचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून मी मधूनमधून माउस हलवत राहते. संध्याकाळी साडेसहाला ग्राहकासोबत कॉल असतो. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की तोच कॉल साडेसातला सुरू होतो आणि जेवण नऊच्या पुढे जाते. कॉलमध्ये निघालेले बग (सॉफ्टवेअरमधील दोष) रात्रीच नोंदवून टाकावेत, म्हणजे सकाळी कोणी विचारायला नको, असे वाटते. अशा रीतीने दिवस सकाळी साडेसातपासून रात्री दहापर्यंत पसरतो. त्यात प्रत्यक्ष काम किती तासांचे झाले हे मला सांगता येत नाही, कारण ते कोणीच मोजत नाही.

हे सारे करायला मला कोणी सांगितलेले नाही, हेही नमूद करते. मात्र मार्चअखेरच्या वार्षिक मूल्यमापनात मला पाचपैकी तीन गुण मिळाले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘अधिक पुढाकार अपेक्षित’ एवढेच लिहून आले. पुढाकार म्हणजे नेमके काय, असे मी व्हिडिओ कॉलवर विचारले, तेव्हा “बाकी सगळं छान चाललं आहे, हळूहळू येईल लक्षात,” असे सांगून सरांनी विषय संपवला. तेव्हापासून काम वाढवणे एवढा एकच अर्थ मी लावत आले आहे. तान्ह्या पोळ्याला भाचा लाकडी नंदी घेऊन बोजारा (खाऊचे पैसे) मागायला दारात उभा होता आणि मी फोनवर बगची यादी चाळत त्याला थांब म्हणत होते. सुटी असूनही त्या दिवशी माझ्याकडे कोणी काही मागितले नव्हते.

मी पूर्वीसारखी ठरावीक वेळ मागून घ्यावी का? आणि अभिप्राय मागताना तो तक्रारीसारखा वाटू नये यासाठी काय करावे? कायद्याचा काही आधार असल्यास तोही कळवावा.

मिहानमधील टीम लीड

ताई, आपण हे दोन प्रश्न म्हणून मांडले असले तरी माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. किती काम केले म्हणजे पुरे, हे ज्याला कोणी सांगत नाही तो आपले काम तासांनी मोजू लागतो. आणि वेळ लवचिक असली की त्या तासांना वरची मर्यादा राहत नाही. ठरावीक वेळ परत मिळाली तरी ‘पुढाकार’ हा शब्द डोक्यात तसाच राहणार असेल, तर सहा वाजता ऑफिस सोडूनही आपण घरी जाऊन लॅपटॉप उघडालच.

लवचिक वेळेची पद्धत जर्मनीत १९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील बोल्कोव या विमाननिर्मिती कंपनीत सुरू झाली. सगळे कर्मचारी एकाच वेळी येत-जात असल्यामुळे रस्त्यावर होणारी कोंडी फोडणे हा तिचा साधा हेतू होता. त्या व्यवस्थेत मधले काही तास सर्वांनी हजर राहायचे, मागचे-पुढचे तास आपल्या सोयीने निवडायचे आणि एकूण तासांची नोंद ठेवायची, असे तीन भाग होते. जास्त झालेले तास पुढे वळते करून घेता येत. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांनी यातले निवडीचे स्वातंत्र्य तेवढे उचलले आणि मोजणी सोडून दिली. मोजणी म्हणजे पाळत, असे समजून कर्मचाऱ्यांनीही ती नको म्हटले. परिणामी दिवस कुठे संपतो हे सांगणारी एकमेव खूण गेली आणि तिच्या जागी तो हिरवा ठिपका आला, जो आपण काम करत आहात की नुसता माउस हलवत आहात हे सांगू शकत नाही.

माझ्या टीममध्ये सकाळी अकरा ते एक आणि ग्राहकाचा कॉल एवढाच वेळ सामाईक आहे. ज्यांना संध्याकाळचा कॉल असतो त्यांनी त्या दिवशी दुपारचे तास उघडपणे सोडायचे; कॅलेंडरमध्ये तसे लिहायचे आणि त्या वेळात चॅट बंद ठेवायचे. एक मुलगा रात्री साडेअकराला बग पाठवत असे. त्याने कुणाकडून उत्तराची अपेक्षा केली नव्हती, तरी महिन्याभरात आणखी दोघे त्या वेळेला उत्तरे देऊ लागले. आता रात्री लिहिलेला संदेश सकाळी नऊला पोहोचेल असा लावून ठेवायचा, हा आमचा नियम आहे. हा नियम मोडणाऱ्याला शिक्षा नाही, पण त्याच्या संदेशाला रात्री उत्तर द्यायचे नाही हेही ठरलेले आहे.

आता अभिप्रायाबद्दल. क्लुगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली तोवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. अभिप्रायामुळे कामगिरी सरासरीने सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती उलट खालावली, असे त्यांना आढळले. लक्ष हातातल्या कामावरून उडून स्वतःवर, म्हणजे ‘मी कसा आहे’ यावर गेले, की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याला मिळालेला शेरा नेमका तसा आहे. आपण कशा आहात यावर तो बोट ठेवतो आणि उद्या सकाळी काय वेगळे करायचे यावर गप्प राहतो.

आपल्या मॅनेजरांच्या मनात काय आहे ते मी सांगू शकत नाही. तथापि टेस्टिंगमध्ये आम्ही लोक पुढाकार म्हणतो तेव्हा बहुधा असे अभिप्रेत असते की नियोजनाच्या बैठकीतच ‘ही अपेक्षा तपासता येण्यासारखी लिहिलेली नाही’ असे कोणी म्हणावे, किंवा रिलीजच्या (ग्राहकाला नवी आवृत्ती देण्याच्या) आदल्या दिवशी ‘हा बग राहिला तर ग्राहकाचे बिल चुकेल, रिलीज थांबवा’ असे ठामपणे सांगावे. हे काम सकाळी अकराला होते. रात्री दहाला शंभर बग नोंदवूनही ते होत नाही.

म्हणून “माझ्याबद्दल अभिप्राय द्या” असे मोघम विचारू नका. आपलीच अलीकडची दोन कामे निवडा, एक चांगले झालेले आणि एक अडखळलेले, आणि विचारा की या दोन्हींत मी कोणत्या क्षणी वेगळे वागायला हवे होते. ज्याच्यासमोर विशिष्ट रिलीज ठेवली आहे त्याला ‘छान चाललं आहे’ म्हणून निसटणे अवघड जाते.

सीताबर्डीतील सनदी लेखापाल

वरचे सर्व मान्य, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमच्या व्यवसायात ३१ जुलैची विवरणपत्रे आणि ३० सप्टेंबरचे कर लेखापरीक्षण या दोन तारखांच्या मध्ये लवचिक वेळ हा विनोद ठरतो. आमची आर्टिकलशिप करणारी मुले त्या काळात रात्रीपर्यंत बसतात आणि त्यातूनच शिकतात. भरपूर काम हे नेहमी शोषणच असते, असा सूर हल्ली फार लागतो, तो मला पटत नाही.

मात्र एक फरक मी स्वतःच दाखवतो. आमच्या जादा कामाला तारीख असते. मुदत वाढली नाही, तर १ ऑक्टोबरला ऑफिसात शुकशुकाट असतो आणि दिवाळीपर्यंत कोणी साडेपाचनंतर थांबत नाही. मनीषनगरच्या ताईंनी जे लिहिले आहे त्यात अशी तारीख मला कुठेच दिसली नाही.

धंतोलीतील डॉक्टर

वैद्यकीय अंगाने थोडे लिहितो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. हे मोठ्या लोकसंख्येचे आकडे आहेत. त्यावरून एका व्यक्तीचे भाकीत करू नये. पण आपण त्या ५५च्या अलीकडे आहोत की पलीकडे हे ताईंना ठाऊकच नाही, याची मला अधिक काळजी वाटते. एक महिना साध्या वहीत कामाच्या सुरुवातीची आणि शेवटाची वेळ लिहावी. दुपारी खरोखर झोपलात तर तो वेळ वजा करा. लॅपटॉप उशाशी ठेवून पडला असाल तर करू नका, कारण तो आराम नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार म्हणून नोंदलेला नाही. दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक स्थिती, अशी त्याची नोंद आहे. थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, ही त्याची तीन अंगे सांगितली आहेत. पहिले अंग सगळे ओळखतात. माझ्याकडे येणारे तरुण दुसऱ्या अंगाला मात्र ‘स्वभाव चिडचिडा झाला’ म्हणून सोडून देतात. रक्तदाब एकदा तपासून घ्या, वय तिशीचे असले तरी.

सीए साहेबांना एवढेच सुचवतो की स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेनकॅवेल यांनी २०१४ साली पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, पुढे ती वाढ मंदावत गेली आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नव्हते. ती माणसे तर यंत्रावर काम करत होती. ताळेबंद तपासणाऱ्या डोळ्यांचे काय होत असेल ते आपणच पाहावे.

कामगार कायद्याची वकिली करणारा

कायद्याविषयी विचारले आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. मूळ अधिनियमात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तासांवर आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली; आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवण्यात आली. महिलांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचे असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे.

या तरतुदी वाचून लगेच हुरळून जाऊ नये. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना हा अधिनियम लागू होत नाही आणि अशा पदांची यादी आस्थापनेने जाहीर करायची असते. त्यामुळे आपले पद त्या यादीत आहे का हे आधी पाहावे, आणि नियुक्तिपत्रात कामाच्या तासांविषयी काय लिहिले आहे तेही वाचावे. कामाच्या वेळेनंतर फोन व ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारे एक खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये अशी तरतूद १ जानेवारी २०१७ पासून आहे. युरोपीय न्यायालयाने तर १४ मे २०१९ च्या निकालात, रोजचा कामाचा वेळ मोजण्याची वस्तुनिष्ठ व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे, असे म्हटले. म्हणजे मोजणी ही कर्मचाऱ्यावरची पाळत नसून त्याचे संरक्षण आहे, हे तिथे मान्य झाले आहे.

आपल्या प्रकरणात मात्र अडचण पुराव्याची येईल. कोणी सांगितले नसताना स्वतःहून केलेले काम जादा काम म्हणून सिद्ध करणे कठीण असते. कायदा माहीत असावा, पण मॅनेजरला पाठवायच्या पहिल्या पत्रात तो नसावा.

मनीषनगरवासी

सर्वांचे आभार. मिहानच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे मी दोन रिलीज समोर ठेवून मॅनेजरांना विचारले. ते नेहमीपेक्षा मोकळेपणाने बोलले. एका रिलीजमध्ये पेमेंटच्या पानावरचा बग मी वेळेत नोंदवला होता, पण त्याची तीव्रता ‘मध्यम’ लिहिली होती आणि बैठकीत डेव्हलपरने तो पुढे ढकलला तेव्हा मी काही बोलले नव्हते. “तिथे तू अडून बसायला हवं होतंस,” असे ते म्हणाले. माझ्या रात्रीच्या कामाबद्दल त्यांना काही कल्पनाच नव्हती. सकाळी सगळे बग नोंदलेले दिसतात, एवढेच ते पाहत होते.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. टीममध्ये चार आणि पाच गुण किती जणांना द्यायचे हे वरून ठरून येते, त्यामुळे तीन गुण हे केवळ माझ्या कामाचे मोजमाप नव्हते. हे ऐकून बरे वाटावे की वाईट, ते मला ठरवता आलेले नाही. आता पुढल्या वर्षीही कोटा तोच असेल तर या साऱ्या अभिप्रायाचा उपयोग काय, आणि झालेली चर्चा मी लेखी स्वरूपात कशी मागावी?

निवृत्त लेखाधिकारी, राज्य शासन

आमच्या काळी ‘गोपनीय अहवाल’ असे आणि तो नावाप्रमाणे गोपनीयच असे. प्रतिकूल शेरा असला तरच तो कळवायचा, अशी रीत होती. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला की अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्या प्रकरणातील अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा होता. तो प्रतिकूल नाही म्हणून कळवला गेला नाही, पण पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा निकष असल्याने त्याच शेऱ्याने त्याची संधी गेली. आपल्या पाचपैकी तीन गुणांची गत मला तशीच वाटते. हा निकाल शासकीय सेवेपुरता आहे, खासगी कंपनीवर तो बंधनकारक नाही, हे वकील साहेब सांगतीलच.

तरी त्यातला व्यवहार घेण्यासारखा आहे. आमच्या अहवालात कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा भाग असतो आणि बहुतेक जण तो अखेरच्या दिवशी, आठवेल तसा भरतात. मी कनिष्ठांना सांगत असे की दर महिन्याच्या शेवटी चार ओळी लिहा: कोणते काम निकाली निघाले, कशामुळे अडले, कोणाला केव्हा कळवले. हजेरीचे तास त्यात कधीही लिहू नका. मार्चमध्ये साहेबांपुढे बारा महिन्यांचे टिपण ठेवणाऱ्याला मोघम शेरा मिळणे अवघड होते, असा माझा अनुभव आहे. अपवाद अर्थात पाहिले आहेत, आणि ते साहेब कोण हे साऱ्या कचेरीला ठाऊक असे.

मिहानमधील टीम लीड

ताई, कोट्याबाबत आपल्या हाती फारसे काही नाही. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली, पण आपल्याकडे ती बऱ्याच ठिकाणी टिकून आहे आणि ती मोडणे आपल्या मॅनेजरांच्याही अधिकारात नसावे. म्हणून गुण आणि अभिप्राय या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. गुण वर्षातून एकदा येतील आणि त्यात पगारवाढीचे राजकारण असेल. पेमेंटच्या बगबद्दल जे कळले ते मात्र पुढच्या रिलीजमध्ये, म्हणजे काही आठवड्यांतच, उपयोगी पडणार आहे, आणि ते कोणत्याही कंपनीत आपल्यासोबत राहील.

लेखी मागू नका, आपणच लिहून पाठवा. निवृत्त साहेबांनी सांगितलेले टिपणच मेलच्या रूपात जाऊ द्या. साधारण असा मजकूर चालेल: “सर, आपल्या चर्चेतून मला समजले ते असे. गंभीर बग पुढे ढकलला जात असेल तर मी बैठकीतच हरकत नोंदवावी आणि गरज पडल्यास आपल्याला फोन करावा. संध्याकाळच्या कॉलमधील बग मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत नोंदवीन. रिलीज अडवणारा बग असेल तरच त्याच रात्री. कॉलच्या दिवशी दुपारी दोन ते पाच मी उपलब्ध नसेन व तसे कॅलेंडरमध्ये लिहीन. यात काही बदल हवा असल्यास कळवावे.” शेवटचे वाक्य ठेवाच, कारण त्यांनी उत्तर दिले नाही तरी पुढे तीच सहमती म्हणून दाखवता येते.

दुपारचे तीन तास लिहिताना ‘शक्यतो’ हा शब्द घालण्याचा मोह होईल. तो घालू नका. आणि हा मेल सकाळी पाठवा, रात्री दहाला नको.